कारखानदार, आमदार आणि आपण: जाब विचारायचा कुणाला?

कृष्णाकाठी (धागाकर्ती)

मंडळी, निवडणूक रोख्यांवरच्या जुन्या चर्चेत परवा प्रतिसाद लिहायला घेतला आणि तो लांबतच गेला, म्हणून हा वेगळा धागा. मी कर्नाटकच्या बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडी तालुक्यातली. पोटापाण्यासाठी लोकांचे ताळेबंद तपासते, त्यामुळे बोलणं जरा कागदी वाटलं तर चालवून घ्या.

त्या चर्चेत सगळ्यांचा सूर एकच: बड्या कंपन्यांनी पक्ष खिशात घातले. देशपातळीवर त्यात खोटं काही नाही. २०१७ च्या वित्त कायद्याने रोख्यांची, म्हणजे नाव गुप्त ठेवून पक्षाला देणगी द्यायच्या कागदांची, वाट मोकळी केली आणि त्याच फटक्यात कंपनी कायद्याच्या कलम १८२ मधली मर्यादाही उडवली. त्याआधी कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच राजकीय देणगी देता यायची, आणि कुठल्या पक्षाला किती दिले ते नफा-तोटा पत्रकात लिहावं लागायचं. मर्यादा गेल्यावर तोट्यातली कंपनीही हवं तेवढं देऊ शकत होती, तेही नाव न कळता. १५ फेब्रुवारी २०२४ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने रोखे घटनाबाह्य ठरवले, कलम १८२ मधली दुरुस्तीही रद्द केली. रोखे विकणाऱ्या स्टेट बँकेला आकडे द्यायला जूनअखेरची मुदत हवी होती, ती मिळाली नाही, आणि मार्चमध्ये याद्या लोकांसमोर आल्या. पहिल्या नंबरावर लॉटरीवाली फ्युचर गेमिंग, १,३६८ कोटी. दुसऱ्यावर मेघा इंजिनिअरिंग, ९६६ कोटी.

ठीक. पण त्या यादीने अथणी-रायबाग-हुक्केरीतल्या माणसाच्या हातात काय पडलं? आमच्याकडे कारखानदाराला आमदार विकत घ्यावाच लागत नाही, कारण बऱ्याचदा दोघं एकाच ताटात जेवतात, नाहीतर दोघं मिळून एकच माणूस असतो. जिल्ह्यात दोन डझनांहून जास्त साखर कारखाने आहेत, काही सहकारी, बरेच खाजगी. त्यांतल्या कितींच्या संचालक मंडळावर आजी-माजी आमदार, खासदार, मंत्री किंवा त्यांच्या घरचं कुणी आहे, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ आहे. शेजारच्या बागलकोट जिल्ह्यात मुधोळचे मुरुगेश निराणी स्वतः साखर उद्योगसमूहाचे मालक आणि राज्याचे उद्योगमंत्रीही होते. यात बेकायदेशीर काही नाही, आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे. लोकप्रतिनिधी कायद्याचं कलम ९अ सरकारी कंत्राट घेणाऱ्या आमदाराला अपात्र ठरवतं. पण ज्याच्या कारखान्याला सरकार परवाना देतं, उसाचं क्षेत्र राखून देतं, ज्याच्याकडून सरकारनेच शेतकऱ्याची थकबाकी वसूल करायची असते, तो विधानसभेत बसून साखरेवर मत देऊ शकतो. कायद्याला त्यात वावगं दिसत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं. देणग्यांची पारदर्शकता हवीच, पण सीमाभागात जाब विचारायची जागा दुसरी आहे: वजनकाटा, उसाचं बिल, नदीतलं सांडपाणी, आणि या तिन्हींवर सही करणारा सरकारी अधिकारी. तिथे कागद मागायचे. उमेदवाराच्या प्रतिज्ञापत्रापासून सुरुवात करता येते. २०१८ पासून त्यात स्वतःचे, बायको-नवऱ्याचे आणि अवलंबितांचे उत्पन्नाचे स्रोत आणि सरकारशी असलेली कंत्राटंही लिहावी लागतात. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर ते कुणालाही वाचता येतं. किती मतदारांनी वाचलंय, हात वर करा.

तुम्हाला काय वाटतं ते लिहा. भांडा, पण कामाचं भांडा.

संपादक

धागा चांगला आहे, तसाच राहू दे. स्वतःचे अनुभव लिहिताना कारखान्याचं, माणसाचं नाव घालू नये. सार्वजनिक नोंदीत असलेल्या गोष्टींना हरकत नाही.

निपाणीचा_नाना

ताई, लेख आवडला. पण कागदाने कोण भ्यालंय आजवर?

आमच्या निपाणीत १९८१ साली १४ मार्चपासून तंबाखू उत्पादक पुणे-बेंगळूर महामार्गावर बसले. शरद जोशी आलेले, आमचे सुभाष जोशी होतेच. मी तेव्हा कॉलेजात. बैलगाड्या, चुली, भजनं, सगळं रस्त्यावर. व्यापारी तंबाखूचा दर वाट्टेल तसा पाडायचे, माल उचलून पैसे वर्षावर्षाने द्यायचे, तेही कटत्या लावून. ६ एप्रिलला पोलिसांनी गोळ्या घातल्या. माणसं गेली. त्यात मराठी कोण नि कन्नड कोण, हे कुणी विचारलं नव्हतं.

आणि शेतकऱ्यांच्या मागे उभ्या राहिल्या त्या बिडी वळणाऱ्या बायका. त्यांची गोष्ट तर अजून निराळी. पानं कमी द्यायची, वळलेल्या बिड्यांतली 'छाट' म्हणून बाजूला काढायची, तिचे पैसे द्यायचे नाहीत, आणि ती छाट परत विकायची. कारखानदाराचं नाव कुठल्याच रजिस्टरात नाही, मध्ये ठेकेदार. बिडी कामगारांचा कायदा १९६६ सालचा, पण बायकांची नावं हजेरीत यायला संघटना उभी राहावी लागली. कायदा कागदावरच होता की, ओ. तो खाली उतरवायला माणसंच लागली.

तेव्हा माझं मत, आधी रस्ता, मग रजिस्टर.

सीमावासी_७०

सगळं वाचलं. मूळ दुखणं कुणीच बोलत नाही. आपण चुकीच्या राज्यात आहोत. सीमाभागासाठी महाराष्ट्राने केलेला दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून आहे. उद्या महाराष्ट्रात गेलो तर कारखान्याला जाब विचारायला आपलं सरकार, आपली भाषा, आपला कलेक्टर. तोवर हे कागद-बिगद म्हणजे दगडावर डोकं आपटणं.

कृष्णाकाठी

सीमावासीकाका, मोर्चाला मीही येते, ते वेगळं. पण कोल्हापूरच्या शेतकऱ्याला विचारून बघा. फेब्रुवारी २०२२ मध्ये तिथल्या सरकारने एफआरपी (केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर) दोन तुकड्यांत द्यायचा शासन निर्णय काढला. मुंबई उच्च न्यायालयाने तो २०२५ च्या मार्चमध्ये रद्द केला, म्हणजे मधले हंगाम गेले ते गेलेच. राजू शेट्टींनी न्यायालयात जाऊन तो निकाल मिळवला, मराठी सरकारविरुद्ध. आणि सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारनेच राज्याबाहेर ऊस न्यायला बंदी घातली होती. कशासाठी? तिकडच्या कारखान्यांना ऊस कमी पडू नये आणि इकडचा कारखाना जास्त दर देत असला तरी शेतकऱ्याने तिकडे बघू नये. ओरड झाली तेव्हा मागे घेतली.

राग मानू नका, पण मला तर उलटंच दिसतं. प्रचारात आपल्याकडे भाषेवरून एवढी धूळ उडते की उसाच्या थकबाकीचा प्रश्न कुणी विचारला तरी ऐकू जात नाही. हुपरीपलीकडे मराठीत आणि गोकाकात कन्नडमध्ये भाषण करणारे कारखानदार सावकार काट्यावर दोन्हीकडच्या उसाचं एकाच पद्धतीने वजन करतात.

वकीलबुवा

कृष्णाकाठींशी बव्हंशी सहमत. नानांना आदरपूर्वक सांगतो, रस्त्याने दर मिळतो, पण मिळालेला दर खात्यात येतो तो रजिस्टरातूनच. दोन्ही लागतं. गेल्या नोव्हेंबरात, म्हणजे २०२५ ला, मुडलगी तालुक्यात गुर्लापूर क्रॉसवर शेतकरी बसले. मागणी टनाला ३,५०० ची, तोड-वाहतूक वगळून. सरकारला ३,३०० जाहीर करावे लागले. हे रस्त्याचं यश. आता पुढचं ऐका.

ऊस (नियंत्रण) आदेश १९६६ नुसार ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे. उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. हे व्याज कारखान्याच्या मर्जीवर नाही, ते देणं आहे. शंभर टनांचं ३,३०० ने ३ लाख ३० हजार होतात. १४ दिवसांवर आणखी ६० दिवस लावले तर व्याजच सुमारे ८,१०० रुपये. हे व्याज लेखी मागणारा शेतकरी मला क्वचितच भेटतो. मागत नाही, कारण पुढच्या हंगामात ऊसतोडीची तारीख त्याच कारखान्याच्या शेतकी खात्याच्या हातात. उभा ऊस वाळला की उतारा (उसातून निघणारी साखर) आणि वजन दोन्ही घसरतं. भीतीचं मूळ तिथे आहे.

म्हणून एकट्याने मागू नये. गावातल्या वीस-पंचवीस जणांनी मिळून बिलाच्या पावत्यांसह साखर आयुक्तांकडे अर्ज करावा. आयुक्तांना थकबाकी जमीन महसुलासारखी वसूल करायचा दाखला काढता येतो, आणि मग तो अंमलात आणणं जिल्हाधिकाऱ्यांचं काम. दाखला निघाला आणि वसुली झाली नाही, तर प्रश्न कारखान्याला विचारायचा नाही, जिल्हाधिकाऱ्यांना विचारायचा: कोणत्या तारखेला कुठली मालमत्ता जप्त केली? या एका प्रश्नाने फाइल जागची हलते.

माहिती अधिकाराबद्दल. सहकारी कारखाना स्वतः बहुधा माहिती अधिकाराखाली येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१३ मध्ये थलप्पलम बँकेच्या निकालात ते स्पष्ट केलंय. पण त्याच निकालात वाटही आहे. सहकार निबंधकाला कायद्याने जी माहिती संस्थेकडून मागवता येते, ती तुम्ही निबंधकाकडे मागू शकता. खाजगी कारखाना असेल तर आणखी सोपं. कंपनी मंत्रालयाच्या पोर्टलवर शंभर रुपये भरले की ताळेबंद, संचालकांची यादी, भागधारक, कर्जाचे बोजे, सगळं उघडतं. 'कारखाना तोट्यात आहे, बिल देता येत नाही' असं सभेत सांगणाऱ्याने त्याच वर्षी संबंधित कंपन्यांना किती उसने दिलेत, ते त्याच्या टिपांमध्ये लिहिलेलं असतं. धागाकर्तीला हे माझ्यापेक्षा जास्त कळतं.

आणि एक सावधगिरी. बदनामी हा आपल्याकडे अजून फौजदारी गुन्हा आहे. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला, आता न्याय संहितेचं कलम ३५६. खरं आणि लोकहिताचं बोलणं हा बचाव आहे, पण तो खटला उभा राहिल्यावर, तारखा सोसत मांडायचा असतो. म्हणून व्हॉट्सॲपवर 'चोर' लिहू नका. 'अमुक तारखेच्या ताळेबंदात अमुक रक्कम दिसते, खुलासा करावा' असं लिहा. जास्त झोंबतं.

कॅम्पातला_पोरगा

बुवा तुमचं वाचूनच दम लागला की ओ 😄

आमच्याकडं काय, मोठ्या कंपनीनं शाळेला चार बाकं दिली की त्याच्यावर पेंटनं नाव, उद्घाटनाला आमदार, दुसऱ्या दिवशी पेपरात पान भरून फोटो. सीएसआर म्हणत्यात, म्हंजे कंपनीनं समाजासाठी करायचा खर्च. आमच्या सरांनी सांगितलं, ज्यांचा नफा पाच कोटीच्या वर तसल्या कंपन्यांना दोन टक्के खर्च करायलाच लागतंय कायद्यानं. मग आभार कशाला मानूलालेत सगळी?

अंकलीची_मावशी

पोरा, बरोबर बोललास.

ऊस घालणाऱ्यांबद्दल सगळे बोलले, तोडणाऱ्यांबद्दल कुणीच नाही. आमच्या भागात बीडकडच्या, विजापूरकडच्या टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत सुटका नाही, आजारी पडलं तरी खाडा कापला जातो. वरून आम्ही शेतकरीही काही धुतल्या तांदळासारखे नाही. टोळी लवकर यावी म्हणून एंट्री, म्हणजे वरचे पैसे, द्यायची, नंतर चेअरमनच्या नावाने बोंबलायचं, आणि टोळीतल्या बाईला प्यायला पाणी कुठून मिळतं ते बघायचंही नाही.

बीड जिल्ह्यात ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या पिशव्या काढल्या जातात, हे २०१९ मध्ये गाजलं, महाराष्ट्र सरकारने समिती नेमली. पुढे काय झालं ते बायकांनाच विचारा. मार्च २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने महाराष्ट्रातल्या साखरेची साखळी शोधत नेली, ती थेट कोकाकोला आणि पेप्सीपर्यंत. तेव्हा कुठे अमेरिकेत प्रश्न विचारले गेले. इथे चेअरमन म्हणणार, मजूर मुकादमाचे. मुकादम म्हणणार, मी कारखान्याशी करार केलाय. आणि कोकाकोला म्हणणार, आम्ही साखर घेतो, ऊस नाही. नानांनी बिडीचा ठेकेदार सांगितला ना, तोच हा, फक्त पीक बदललं.

माझं एवढंच म्हणणं, आपल्या अर्जांत तोडणाऱ्यांची मजुरीही घाला. नाहीतर आपणही छोटे कारखानदारच.

काटेकोर

आजवर नुसता वाचत होतो. मी सीमेवरच्या एका खाजगी कारखान्यात अकाउंटला आहे. दुसरी बाजू लिहितो, शिव्या द्यायच्या तर द्या.

साखरेची किमान विक्री किंमत फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये ठरली, त्यानंतर एफआरपी वाढत वाढत ३५५ रुपये क्विंटलवर आली (२०२५-२६, १०.२५ टक्के उताऱ्याला). किती साखर या महिन्यात विकायची ते केंद्र ठरवतं. निर्यात कधी सुरू, कधी बंद. बँक साखरेच्या पोत्यांवर माल तारण देते आणि पोती विकली की आधी स्वतःचे कापून घेते. मग १४ दिवसांत पैसे कुठून आणायचे, हा प्रश्न खोटा नाही.

खोटं कुठे आहे तेही सांगतो. मळी, बगॅस (उसाचा चोथा), वीज, इथेनॉल यांच्या उत्पन्नाबद्दल सभेत कुणी बोलत नाही. रंगराजन समितीने २०१२ मध्ये साखर आणि उपपदार्थ धरून उत्पन्नाच्या ७० टक्के शेतकऱ्याला, असं सुचवलं होतं. कर्नाटकाने २०१३ मध्ये ऊस खरेदी-पुरवठ्याचा कायदा करून ऊस नियंत्रण मंडळही नेमलं. पण हिशेब कुठून येतो? कारखान्याकडून. डिस्टिलरी वेगळ्या कंपनीच्या नावावर, वीज प्रकल्प तिसऱ्याच्या, आणि मळी कुठल्या भावाने एकीकडून दुसरीकडे गेली ते मालकच ठरवणार. यात काही बेकायदेशीर असेलच असं नाही. पण शेतकऱ्यांच्या वाट्याचा भागाकार करायला बसलात तर भाज्यच तुमच्या हाती नाही.

नोकरी आहे, घरात लहान लेकरं आहेत, म्हणून याहून जास्त लिहीत नाही.

वकीलबुवा

काटेकोर, तुम्ही लिहिलंत तेच पुष्कळ. संबंधित कंपन्यांमधले व्यवहार ताळेबंदाच्या टिपांत जाहीर करणं बंधनकारक आहे. मळीचा भाव तिथून निघतो, जरा खटपट केली तर.

कारवारी_बांगडा

आमच्या कारवारकडचं सांगतो, म्हणजे कागदाने काय होतं नि काय होत नाही ते दोन्ही कळेल.

बळ्ळारीचं लोहखनिज ट्रकांनी आमच्या बेलेकेरी बंदरात यायचं. २०१० मध्ये वनखात्याने मोठा साठा जप्त केला, आणि जप्त केलेला माल बंदरातून परस्पर जहाजात चढून गेला. ज्या वनाधिकाऱ्याने जप्ती केली त्याच्याच निलंबनाची भाषा सुरू झाली, तेव्हा लोकायुक्त संतोष हेगडे यांनी राजीनामा दिला, नंतर मागे घेतला. जुलै २०११ मध्ये त्यांचा अहवाल आला. खाण कंपन्या, अधिकारी, मंत्री, सगळ्यांची नावं आणि बँकेच्या नोंदी. एका खाण कंपनीने मुख्यमंत्र्यांच्या कुटुंबाशी संबंधित ट्रस्टला दिलेली देणगीही त्यात होती. मुख्यमंत्री येडियुरप्पांना खुर्ची सोडावी लागली. पण २०१६ च्या ऑक्टोबरात सीबीआय न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं, हेही लिहायला हवं. बेलेकेरी प्रकरणात आमच्या कारवारच्या आमदारांना २०२४ मध्ये शिक्षा झाली आणि महिन्याभरातच उच्च न्यायालयाने ती स्थगित केली. माल गेला २०१० ला. हिशेब करा.

मग अहवाल फुकट गेला का? नाही. धारवाडच्या समाज परिवर्तन समुदायाने, म्हणजे एस. आर. हिरेमठांच्या संस्थेने, सर्वोच्च न्यायालयात याचिका घातली होती. न्यायालयाने २०११ मध्ये बळ्ळारीतलं खाणकाम थांबवलं, आणि एप्रिल २०१३ च्या निकालात ज्या खाणींनी सर्वांत जास्त हद्द ओलांडली त्यांचे पट्टेच रद्द केले. नेते सुटतील, अडकतील, ते त्यांच्या नशिबाने. पण डोंगर खाणं थांबलं ते नकाशे, सर्वेक्षण आणि उपग्रहाच्या चित्रांमुळे.

हेच लोक १९८७ च्या नोव्हेंबरात हानगल तालुक्यातल्या कुसनूरला निलगिरीची रोपं उपटून फळझाडं लावत होते. 'कित्तिको-हच्चिको', उपट आणि लाव. सरकार आणि हरिहरच्या पॉलीफायबर कंपनीने मिळून कंपनी काढली होती आणि गावांच्या गायराना त्या कंपनीला लागवडीला दिल्या होत्या. गुरं चारायला जागा उरली नव्हती. तिथे रस्ता आणि याचिका दोन्ही एकदम चालले, आणि १९९१ मध्ये कंपनी गुंडाळावी लागली. नानांना आणि बुवांना भांडायचं कारण नाही.

निपाणीचा_नाना

मान्य बांगडेराव. हे कुसनूरचं मला माहीत नव्हतं. आमच्यापासून केवढं लांब आहे ते?

कारवारी_बांगडा

निपाणीहून हुबळीमार्गे एका दिवसात जाऊन परत याल नाना. पण आता तिथे बघण्यासारखं काही नाही, साधं गाव आहे.

हिरण्यकेशी_संकेश्वर

नदीचा विषय राहिला, तो जोडतो. पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते आणि ते पाणी पुढे आपल्या अंकली, मांजरी, उगारकडे येतं. हिरण्यकेशी आजरा-गडहिंग्लज करून आमच्याकडे. हंगामात पाण्याला मळीचा वास येतो, रंग चहासारखा, कधी मासे तरंगतात. तक्रार केली तर इथलं प्रदूषण मंडळ म्हणतं वरून आलं, वरचं मंडळ म्हणतं आमच्या हद्दीत नमुना ठीक होता. एकदा नदीच्या एकाच वळणावरून दोन्हीकडच्या मंडळांना फोन केला, दोघांनी एकमेकांचा नंबर दिला.

हरित लवादाकडे जावं म्हटलं तर महाराष्ट्र पुण्याच्या पश्चिम खंडपीठात, कर्नाटक चेन्नईच्या दक्षिण खंडपीठात. आणि मुदत? तंट्याचं कारण घडल्यापासून सहा महिने, वर फार तर साठ दिवस. नुकसानभरपाईला पाच वर्षं.

पण एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. साखर कारखाने आणि डिस्टिलऱ्या केंद्रीय मंडळाच्या अतिप्रदूषक सतरा उद्योगांच्या यादीत आहेत. त्यांना सांडपाणी सतत मोजणारी यंत्रं बसवावी लागतात आणि आकडे थेट मंडळाकडे जातात. मासे ज्या तारखेला मेले, त्या दोन-चार दिवसांचे आकडे वरच्या आणि खालच्या दोन्ही मंडळांकडे मागा. यंत्र नेमकं त्याच दिवशी बंद होतं, असं उत्तर आलं तर तेही लेखी असू दे.

पुणेरी_पाहुणा

बाहेरून वाचतोय, एक शंका. एवढा जाच केला तर कारखानदार उद्या कारखाना बंद करतील, ऊस कुठे घालणार?

अंकलीची_मावशी

बंद करत नसतात हो. क्षेत्र सुटलं की शेजारचा कारखानदार टपलेलाच असतो, आणि निवडणुकीला उभं राहायचं तर कारखाना लागतो. कामगार, ट्रॅक्टरवाले, सभासद, सगळी मतं एका गेटातून आत-बाहेर करतात.

सीमावासी_७०

मावशींचं हे मात्र शंभर टक्के खरं. गेटावरची मतं कुठे जातात ते मी अनेक निवडणुका बघतोय. महाराष्ट्र एकीकरण समितीच्या उमेदवाराला नाही जात.

बरं, कृष्णाकाठीताई, काम काय करायचं ते सांगा. आणि अर्ज मराठीत दिला तर चालेल का? कन्नड मला वाचता येतं, लिहिता येत नाही.

वकीलबुवा

ताईंच्या आधी मीच सांगतो काका. माहिती अधिकाराचा अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत द्यायचा असतो, त्यामुळे इथे मराठी अर्ज परत येऊ शकतो. हिंदीत द्या, देवनागरी आहे. कर्नाटकाच्या नियमांत आणखी एक अडथळा आहे: एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांत. म्हणून थकबाकीचा, वजनकाट्याचा आणि सांडपाण्याचा अर्ज वेगवेगळा. तक्रार किंवा निवेदन ही निराळी गोष्ट. घटनेच्या अनुच्छेद ३५० प्रमाणे राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत गाऱ्हाणं मांडायचा हक्क आहे, ते मराठीतच द्या आणि पोच घ्या.

कृष्णाकाठी

धन्यवाद बुवा. मग असं करू. पहिला अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयाला: मागच्या तीन हंगामांत साखर आयुक्तांकडून किती वसुली दाखले आले, प्रत्येकावर कोणत्या तारखेला काय कारवाई झाली. दुसरा वजनमापे खात्याला: कारखान्यांच्या काट्यांची तपासणी आणि मुद्रांकन कधी झालं, अहवालाच्या प्रती. मावशींचा मजुरीचा मुद्दा कामगार खात्याला, त्याचा मसुदा मावशींनीच सांगावा, मी लिहून देते. सांडपाण्याचं हिरण्यकेशींकडे.

खाजगी कारखान्यांचे ताळेबंद मी काढते, शंभर रुपये मला जड नाहीत. मळीच्या भावाच्या टिपा सापडल्या तर पानांच्या क्रमांकासह इथेच टाकेन, कुणाचं नाव घेऊन शेरेबाजी न करता.

अर्जदार मात्र वेगवेगळ्या तालुक्यांतले हवेत, आणि शक्यतो ज्यांचा ऊस त्या कारखान्याला जात नाही असे, म्हणजे तोडीची भीती नको. सौंदत्ती आणि रायबागचं कुणी वाचतंय का?

कॅम्पातला_पोरगा

माझा मामा रायबागचा. कन्नड शाळेत मास्तर हाय, ऊस न्हाई, नुसता मका. विचारून सांगतो.